कपाट नंबर चारचा खुलासा

आमच्या सोसायटीत एक बातमी तीन वर्षं सुखाने नांदत होती. बी विंगमधले साळवे दगड चाटतात. ती पसरवण्यात माझा वाटा मोठा होता, हे मी नाकारत नाही, कारण पहिल्यांदा पाहिलं ते मीच. पुण्याजवळच्या मांजरी गावात आमची सोसायटी तेव्हा नुकती उभी राहत होती, पलीकडे उसाची शेतं होती आणि गेटापाशी खडीचा ढीग पडला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक पोक्त गृहस्थ त्या ढिगातला खडा उचलून, रुमालाने पुसून, जिभेला लावून बघत होता. हे बघून न थांबता पुढे जाईल अशी बाई अजून जन्माला यायची आहे.

"काय हो साळवे, घरातलं मीठ संपलं का?"

"नाही वहिनी. हाड आहे का बघत होतो."

"खडीत?"

"नसणारच म्हणा. आपल्याकडची खडी म्हणजे सगळा लाव्हा. त्यात कसली हाडं? पण पांढरट काही दिसलं की राहवत नाही." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. जुन्या हाडाचा दगड झाला तरी त्यात बारीक बारीक छिद्रं राहतात, म्हणून ते ओल्या जिभेला धरून ठेवतं. साधा दगड धरत नाही. "तुम्ही बघता का?" असं म्हणून त्यांनी तो खडा माझ्यासमोर धरला. मी नाही म्हटलं. माझे दात आधीच अर्धे डॉक्टरने खाल्लेत.

रतन किसन साळवे. मूळचे लोणी काळभोरचे. शिक्षण दहावी. पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात, भूगर्भशास्त्र विभागात, प्रयोगशाळा परिचर. या पदाला पूर्वी सरळ शिपाई म्हणत. आता नाव मोठं झालं, काम तेच राहिलं: दगड पुसा, नकाशे टांगा, चहा सांगा. चौतीस वर्षं त्यांनी ते केलं. त्यांच्या बायकोचं नाव नंदा. ती माझी मैत्रीण, आणि या हकिगतीतला निम्मा मजकूर तिच्याच स्वयंपाकघरात गोळा झालेला आहे.

"आमच्या ह्यांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही," नंदा सांगायची. "माझ्या भावाला दोनदा विचारलंय, आपण कोण म्हणून. पण मणका एकदा हातात घेतला की विसरायचे नाहीत."

हे वेड लावलं ते विभागातल्या पद्मजाबाईंनी. एकतीस वर्षांपूर्वी बाई विद्यार्थ्यांना घेऊन कच्छला गेल्या. ओझी उचलायला आणि खिचडी शिजवायला साळवे बरोबर होते. पोरं उन्हाला कंटाळून तंबूत पत्ते कुटत बसली आणि बाई टेकडीवर एकट्या निघाल्या, म्हणून पाण्याची बाटली घेऊन साळवे मागे गेले. तिथे त्यांना वाटीएवढी एक गोल चकती सापडली. बाईंनी ती पाहिली आणि मटकन खालीच बसल्या. पुढच्या तीन दिवसांत दोघांनी मिळून तशा अकरा वेचल्या.

ती चकती म्हणजे इक्थिओसॉरचा मणका. हे जनावर मासा नव्हे. दिसायला माशासारखं, पण जात सरड्या-मगरीकडची. समुद्रात राहायचं आणि श्वास घ्यायला वर यायचं. पंधरा कोटी वर्षांपूर्वी कच्छवर समुद्र होता, त्यात ते पोहत होतं. हे सगळं मला साळव्यांनी सांगितलं, तेही पेढ्यावर. त्यांच्या मुलीच्या बारशा... नव्हे, नातीच्या बारशाचे पेढे द्यायला आले होते. एक पेढा उचलून त्यांनी दोन्ही बाजूंनी अंगठे दाबले.

"हा बघा. दोन्हीकडून खळगा, आणि जाडी कमी. असा मणका दिसला की समजायचं, इक्थिओसॉर. आता समुद्रातलाच दुसरा, लांब मानेचा, प्लेसिओसॉर. त्याचा मणका जाड, तोंडं जवळजवळ सपाट, आणि पोटाकडच्या बाजूला शेजारी शेजारी दोन छिद्रं. नाकपुड्या असाव्यात तशी."

"आणि डायनासोर?"

"आपल्याकडच्या मोठ्या डायनासोरच्या शेपटीचा मणका घ्या. एका बाजूला वाटी, दुसऱ्या बाजूला लाडू. एकाचा लाडू पुढच्याच्या वाटीत बसतो. आंधळ्यालाही हाताने कळेल वहिनी."

आंधळ्याला कळेल. विभागप्रमुखाला कळेल असं ते म्हणाले नव्हते, ही नोंद इथे करून ठेवते.

बाईंना त्या अकरा मणक्यांवर लिहायचं होतं. ते राहिलं, बाई निवृत्त झाल्या आणि पुढे दोन वर्षांत गेल्या. जाताना साळव्यांना आपलं भिंग देऊन गेल्या. ते त्यांच्या बैठकीत बुद्धमूर्तीशेजारी असतं, रोज पुसलेलं. मणके राहिले कपाट नंबर चारमध्ये. किल्ली साळव्यांकडे. बारा वर्षांत ते कपाट उघडा असं त्यांना कुणी एकदाही सांगितलं नाही. शिकवणाऱ्यांनी नाही, शिकणाऱ्यांनी नाही. साळवेच दर शनिवारी उघडायचे, धूळ झटकायचे आणि एकेक मणका हातात घेऊन बघायचे. कॉलेजच्या भाषेत याला साफसफाई म्हणतात.

मग आली तपासणी समिती.

कॉलेजवर समिती येणार म्हटलं की काय होतं ते पुण्यात कुणाला सांगायला नको. झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो, मुताऱ्यांत डांबरगोळ्या पडतात, ग्रंथालयातल्या पुस्तकांना अचानक वाचक मिळतात. भूगर्भशास्त्राचे विभागप्रमुख डॉ. यज्ञेश्वर टिल्लू यांना वाटलं, आपल्या विभागात डोळ्यात भरेल असं काही नाही. सरांची पीएचडी बसॉल्टवर, म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडावर. बसॉल्टमध्ये हाड नसतं, घरात मटण नसतं, त्यामुळे सरांचा आणि हाडाचा आयुष्यात कुठे संबंध आला नव्हता. त्यांनी कपाट नंबर चार उघडायला लावलं, आत डोकावले आणि म्हणाले, "अरे वा! डायनासोर!"

"सर, डायनासोर नाही," साळवे म्हणाले. "इक्थिओसॉर आहे. पद्मजाबाईंनी..."

"साळवे, चहा सांगा."

झालं. एकतीस वर्षांच्या ज्ञानाला तीन शब्दांत वाटेला लावलं. त्या संध्याकाळी मी हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातली बशी मी इतक्या जोरात खाली ठेवली की नंदाने दुसरा चहा स्टीलच्या पेल्यात दिला.

पण खरा कहर पुढेच होता. टिल्लू सरांनी बोलावला वैजनाथ. वैजनाथ म्हणजे गणपतीत मंडळांचे हलते देखावे करणारा कारागीर. त्याला ऑर्डर दिली: बारा फुटी हिरवा डायनासोर, प्लास्टरचा, डोळ्यांत लाल दिवे, आणि शेपटी हलती. शेपटीत हे अकरा खरे मणके ओवायचे! प्रत्येकाला मधोमध ड्रिलने भोक पाडायचं, लोखंडी गज घालायचा, मागे वायपरची मोटर लावायची. समिती दारात आली की शेपटी डावी-उजवीकडे.

मला सांगा, देवळातल्या मूर्तीला भोक पाडून कुणी पंख्याला लटकवेल का? पंधरा कोटी वर्षं टिकलेली वस्तू. समुद्र आटला, डोंगर झाला, डोंगर झिजला, तरी टिकली. तिची गाठ पडली ती पुण्यातल्या वायपरच्या मोटरशी.

बारा तारखेला वैजनाथ ड्रिल घेऊन हजर झाला. टिल्लू सर म्हणाले, "साळवे, किल्ली द्या."

साळवे म्हणाले, "नाही देणार सर."

चौतीस वर्षांत हा माणूस "नाही" म्हणाला नव्हता. नंदा म्हणते, घरातसुद्धा नाही. सर लाल झाले.

"तुम्ही चौथ्या श्रेणीत आहात, विसरू नका."

"नाही विसरत सर. पण भोक पाडल्यावर मधला खळगा जाणार. खळगा गेला की ओळख गेली. मग तो कुणाचा मणका होता, हे देवालाही सांगता यायचं नाही."

त्यात शहाणपणा दाखवला तो वैजनाथने. त्याने कपाटाच्या काचेतून मणके निरखून पाहिले आणि म्हणाला, "सर, हे काही शेपटीत बसायचे नाहीत. शेपटी म्हटली की जाड, मग बारीक, मग आणखी बारीक. हे तर सगळे सारख्या मापाचे. आणि ड्रिल मारलं की तडकणार. उगाच माझं नाव खराब. थर्माकोलचे करून देतो, एक नंबर दिसतील."

देखावे करणाऱ्याला दिसलं. डॉक्टरेटला दिसलं नाही.

तेवढ्यापुरती थर्माकोलची शेपटी ठरली. पण टिल्लू सरांना ते लागलं होतं. एकतीस तारखेला साळवे निवृत्त होणार होते. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "एक तारखेला किल्ली माझ्याकडेच येणार आहे. तेव्हा बसवू खरी हाडं." आणि दुसऱ्या दिवशी साळव्यांच्या हातात मेमो पडला.

तो घेऊन साळवे आमच्याकडे आले. मी बावीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत काढली आहेत. मेमो म्हटला की मला माहेरचं पत्र आल्यासारखं होतं. वाचला. 'आपण विभागप्रमुखांचा तोंडी आदेश डावलून कपाट क्र. ४ मधील डायनासोरची हाडे (११ नग) सजावटकारांच्या ताब्यात देण्यास नकार दिला. ही बाब गंभीर आहे. याबाबत आपला लेखी खुलासा ४८ तासांत सादर करावा.'

साळवे खुर्चीत बसायलाही तयार नव्हते. मी धीर द्यायला लागले, "घाबरू नका, निवृत्तीला अठरा दिवस राहिलेत, नोकरीवर काही..."

"नोकरी राहू द्या हो वहिनी! हे वाचा. हे! डायनासोर लिहिलंय! कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, डायनासोर!"

नंदाने कपाळावर हात मारला. "मेमो आलाय, आणि ह्यांना जनावराचं नाव चुकल्याचं दुःख."

पण मला तिथेच वाट दिसली. मी म्हटलं, "साळवे, चौतीस वर्षांत कॉलेजने तुम्हाला लेखी कधी काही विचारलं होतं?"

"नाही."

"आता विचारलंय. खुलासा म्हणजे उत्तर. उत्तर किती पानी असावं याला नियम नाही. ते आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत, चढतं, त्याला नंबर पडतो, ते फाईलला लागतं आणि कुणाच्या बापाला फाडता येत नाही. शिवाय त्यावर साहेबाला शेरा मारावाच लागतो. 'मान्य' नाही तर 'अमान्य'. मान्य म्हटलं तर तुमचं म्हणणं खरं. अमान्य म्हटलं तर चौकशी, आणि चौकशी म्हटली की ही हाडं कुणाची ते सांगायला बाहेरचा तज्ज्ञ आणावा लागणार. लिहा."

साळवे दोन रात्री आणि एक रविवार लिहीत बसले. मला वाटलं होतं पान-दीड पान होईल. चौदा झाली. पहिलंच वाक्य वाचून मी उठून त्यांना हात जोडले. 'कपाट क्र. ४ मध्ये डायनासोरची हाडे नाहीत. सबब ती देण्यास मी नकार दिला, असे म्हणता येत नाही.'

पुढे नग एक ते अकरा. प्रत्येक मणका पूर्वी कधीतरी कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवून काढलेली आकृती त्यांच्या जुन्या वहीत होतीच, ती खऱ्या मापात उतरवलेली. रुंदी, जाडी, खळग्याची खोली. कुठे सापडला, ओढ्याच्या कोणत्या अंगाला, वर कोणता थर, खाली कोणता. नऊ नग इक्थिओसॉरचे, त्यातले सहा एकाच जनावराचे असावेत, कारण रंग आणि झीज सारखी. नग सात वेगळा: दोन छिद्रं, तोंडं सपाट, प्लेसिओसॉर. बाईंनाही तो आधी इक्थिओसॉरच वाटला होता, हेही लिहिलं. आणि नग अकरापाशी हा माणूस लिहितो: 'हे हाड नाही. दगड आहे. आकार फसवा. जिभेला धरत नाही. मी त्याला एकोणीस वर्षे हाड समजत होतो. चूक माझी आहे.'

मी म्हटलं, "अहो, हे काढा. मेमोच्या उत्तरात कुणी आपली चूक लिहितं का?"

"चूक लपवली तर बाकीच्या दहांवर कोण विश्वास ठेवील?"

मी ते पान होतं तिथे ठेवलं आणि चौदा पानांना टाचणी लावून दिली.

खुलासा दिला, आवक नंबर पडला. समिती आली, शेपटी हलली, डोळे पेटले, समितीतल्या एका सद्गृहस्थांनी डायनासोरबरोबर फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी पेपरात टिल्लू सर, मागे हिरवं जनावर. मी तो पेपर रद्दीत घालायचंही टाळलं, त्यावर भाजीची सालं टाकली. आणि खुलाशावर शेरा? काही नाही. आठ दिवस ढिम्म. सरांचा बेत उघड होता, एकतीस तारीख येऊ द्यायची, किल्ली घ्यायची, कागद तळाशी सारायचा.

मी साळव्यांना सांगितलं, रोज सकाळी जायचं आणि आदबीने एवढंच विचारायचं, "सर, माझ्या खुलाशावर आपला शेरा?" रोज. सरांच्या खोलीत पाहुणे असतील तर आवर्जून.

तीस तारखेला सरांचा बांध फुटला. दार लावून घेतलं. पुढचं मी साळव्यांच्या तोंडून, त्याच संध्याकाळी, ऊन ऊन ऐकलं.

"मी विचारलं होतं किल्ली का दिली नाही. हे चौदा पानी काय आहे?"

"तेच लिहिलंय सर."

"चौदा पानांत?"

"अकरा नग होते सर."

सरांनी पानं उलटली. पहिल्यांदाच उलटली, हे साळव्यांना कळलं, कारण टाचणी जिथे लावली होती तिथेच होती. सातव्या नगापाशी ते थांबले. "आणा हा." साळव्यांनी आणला. सरांनी तो उलटा केला, खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सारला. मग म्हणाले, "दुसरा आणा. तीन नंबर." मग पाच. मग नऊ. अर्ध्या तासात अकराही नग टेबलावर आले. शेवटी माणूस भूगर्भशास्त्राचाच होता. त्याला तीस वर्षांत कुणी हातात मणका दिला नव्हता, आणि ज्याने दिला असता त्याला तो चहा सांगायला पाठवत होता.

त्यांनी पेन काढलं. 'खुलासा मान्य. कपाट क्र. ४ मधील नमुने आहेत त्या स्थितीत जतन करावेत.' सही. तारीख.

"बाहेरचा डायनासोरचा बोर्ड मात्र राहू दे साळवे," ते म्हणाले. "छापून झालाय. आणि शेपटी थर्माकोलचीच आहे."

मणके वाचले. साळवे घरी आले ते लग्नघरातून आल्यासारखे. दुसऱ्या दिवशी निरोप समारंभ: शाल, श्रीफळ, आणि एका प्राध्यापकाचं भाषण, की साळव्यांच्या हातचा चहा आम्ही विसरणार नाही. चहा! तो चहा कॅन्टीनचा होता हो. साळवे फक्त सांगायला जायचे.

आता तुम्ही म्हणाल, वाचले ना मणके, मग बाई इतक्या का तापल्यात? सांगते. पंधरा दिवसांनी साळवे सहज म्हणून विभागात गेले. कपाटात नव्या, टाइप केलेल्या, लॅमिनेशन केलेल्या चिठ्ठ्या होत्या. इक्थिओसॉर, इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर, सगळं बरोबर. सगळं चौदा पानांतून शब्दशः. आणि खाली: 'ओळख: भूगर्भशास्त्र विभाग.'

"विभाग?" मी ओरडले. "विभागाने चाटला होता का दगड?"

"जाऊ द्या वहिनी. जनावराचं नाव तर बरोबर आलं."

त्यांनी जाऊ दिलं. मी कशाला जाऊ देऊ? दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला. 'कपाट क्र. ४ मधील नमुन्यांची ओळख कोणी, कधी व कोणत्या आधारे निश्चित केली, त्या कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात.' आता द्या उत्तर! फाईलमध्ये दुसरा कागदच नव्हता. कुठून असणार? एकोणतिसाव्या दिवशी जाड पाकीट आलं. वर कॉलेजचा शिक्का आणि एका ओळीचं पत्र: 'सदर ओळख श्री. रतन किसन साळवे, प्रयोगशाळा परिचर (सेवानिवृत्त), यांच्या सोबत जोडलेल्या खुलाशाच्या आधारे करण्यात आली आहे. पाने १४.'

मी ते पत्र घेऊन त्यांच्याकडे अक्षरशः धावत गेले. नंदाने ते दोनदा मोठ्याने वाचलं, दुसऱ्यांदा नवऱ्याचं पूर्ण नाव सावकाश. साळव्यांनी पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मागची पानं उलटत होते. मग उठले, फुटपट्टी आणली, नग एकच्या आकृतीवर ठेवली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की किल्ली मागितली त्या दिवशीही झाला नसेल.

"साडेसहा सेंटिमीटर पाहिजे. पाच पूर्णांक आठ भरतंय!"

"म्हणजे?"

"झेरॉक्सवाल्याने पान बारीक केलं वहिनी! खरी मापं होती ती! हे कुणी वाचलं तर म्हणेल जनावर पिल्लू होतं!"

"अहो, पण शेजारी आकडे लिहिलेत ना तुम्ही."

"आकडे वेगळे आणि चित्र वेगळं? मग तर म्हणतील, ह्याला मोजताच येत नाही." त्यांनी पानं पाकिटात घातली. "उद्या जातो. समोर उभं राहून पुन्हा काढून घेतो."

"निवृत्त झालात तुम्ही," मी आठवण करून दिली.

"मी झालोय, मणके नाही झाले," साळवे म्हणाले, आणि नंदाला सकाळी डबा लवकर करायला सांगून फुटपट्टी शर्टाच्या खिशात खोचायला लागले. ती काही खिशात मावेना.